घाबरून घातलेलं पाणी: ग्रिलमधल्या कुंड्यांसोबत १९ महिने

एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१. जागा: ठाणे, वर्तकनगर, तिसरा मजला, पश्चिमेकडच्या खिडकीचं बॉक्स ग्रिल. साडेचार फूट लांब, दीड फूट खोल. एवढ्या जागेत आणि हॉलच्या एका कोपऱ्यात मी काय लावलं, काय मेलं आणि काय टिकलं ते लिहिते आहे. बातम्यांनी डोकं भणभणायला लागलं म्हणून मी झाडांकडे वळले. तशा मनःस्थितीत झाडं लावणाऱ्याच्या हातून ज्या चुका होतात त्या सगळ्या माझ्याकडून झाल्या. त्यांबद्दल तेव्हा कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता, टाळेबंदीचा पहिला दिवस. गुढी याच ग्रिलमध्ये बांधली होती. पुढचा महिनाभर त्या खिडकीत मी उभी राहायचे ती फक्त फोनला रेंज मिळते म्हणून. रोज संध्याकाळी ग्रुपवर महापालिकेचा तक्ता यायचा. नौपाडा-कोपरी, वर्तकनगर, वागळे, कळवा, मुंब्रा, दिवा, एकेका प्रभाग समितीचे आजचे रुग्ण आणि एकूण रुग्ण. माझं माहेर कळव्याला, खारीगावात. दादा-वहिनी तिथेच. मध्ये एक खाडी आणि एक पूल, पण त्या दिवसांत ते परगावाइतकं लांब झालं होतं. आधी वर्तकनगरची ओळ बघायची, मग कळव्याची, मग टीव्ही, मग पुन्हा फोन. रात्री दीड वाजता मी इटलीतल्या कुठल्याशा गावाची बातमी वाचत बसलेली असायचे. कळत सगळं होतं, करता काहीच येत नव्हतं.

एप्रिलच्या अखेरीस शेजारच्या काकूंनी मनी प्लांटची वेल तोडून दारात ठेवली. आम्ही भाजीसुद्धा एक दिवस बाहेर ठेवून मग घरात घेत होतो, तशी ती वेलही रात्रभर दाराबाहेर राहिली. दुसऱ्या दिवशी सरबताच्या रिकाम्या बाटलीत लावली. काकूंनी फोनवर एकच गोष्ट बजावली होती, पेर पाण्यात बुडालं पाहिजे. मुळं पेरातूनच फुटतात, नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. आठ-दहा दिवसांनी पेरापाशी पांढरा ठिपका दिसला, मग तो लांबला. त्या अख्ख्या महिन्यात माझ्याशी संबंध असलेली ती एकच चांगली बातमी होती. मी लेकीला हाक मारून दाखवली होती.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जूनमध्ये दुकानं उघडायला लागल्यावर मी घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून सात झाडं एकदम आणली: पीस लिली, सिंगोनियम, स्नेक प्लांट, मोगरा, गवती चहा, पानओवा आणि कढीपत्ता. जुलैत ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि त्या दिवसांत मी त्यातली तीन मारली. पीस लिली, मोगरा आणि कढीपत्ता.

हे कसं झालं ते नीट सांगते, कारण माझ्या सगळ्या अनुभवाचा गाभा तोच आहे. तक्ता आला की जीव घाबरायचा. बसवत नसे. मी उठून झाडांना पाणी घालायचे. सकाळी एकदा, दुपारच्या बातम्यांनंतर एकदा, रात्री एकदा. मनाला वाटायचं, आपण कुणाची तरी काळजी घेतो आहोत. बाहेर पावसाची झड, हवेत इतका दमटपणा की दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, आणि मी वरून तांब्या ओततेच आहे. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, मुळं तिच्यावर जगतात. त्या फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती काळी पडून कुजतात. आणि मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. अगदी तहानलेल्या झाडासारखी. पीस लिलीने मान टाकली तेव्हा मी आणखी पाणी घातलं. कुंडी उपडी केली तेव्हा वास आला, मुळांचा लगदा झाला होता.

त्यात नर्सरीची लाल माती चिकट. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. आणल्यावर लगेच माती बदला असं तिथे कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.

सप्टेंबरमध्ये आमच्या घरी कोरोना आला. नवरा आणि मी दोघंही पॉझिटिव्ह, त्रास सौम्य, म्हणून बेडरूममध्ये चौदा दिवस. हॉलमध्ये सासूबाई आणि लेक. आईंचे गुडघे दुखतात, खिडकीशी सारखं जाणं जमत नाही. त्यांनी उरलेल्या कुंड्यांना चार-चार दिवसांनी पाणी घातलं. मी आतून ओरडून विचारायचे, "आई, पाणी घातलंत का?" एकदा त्या म्हणाल्या, "झाड काय तापाचा पेशंट आहे का, दर तासाला हात लावून बघायला?"

चौदा दिवसांनी बाहेर आले तर सिंगोनियमला दोन नवी पानं होती आणि गवती चहा हातभर वाढला होता. माझ्या देखरेखीत तीन महिन्यांत जे झालं नव्हतं ते मी दूर असताना झालं होतं. मला खरं तर वाईट वाटलं, आणि मग सुटल्यासारखंही वाटलं. त्या चौदा दिवसांत माझं काय चाललं होतं? ऑक्सिमीटर बोटाला, फोन हातात, तासातासाला दोन्ही बघणं. रोपांना पाणी घालायची माझी पद्धत आणि बातम्या बघायची पद्धत एकच होती. गरज मातीची नसायची, माझी असायची.

तेव्हापासूनचा नियम: आधी बोट, मग पाणी. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायची. ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. हलक्या कुंड्या उचलून बघायच्या, कोरडी कुंडी चटकन हलकी लागते. स्नेक प्लांटला पावसाळ्यात मी तीन आठवडे पाणी घालत नाही आणि ते मजेत असतं. बातम्यांसाठीही वेळ ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं की ज्या बातम्यांनी त्रास होतो त्या कमी बघा, माहिती दिवसातून एकदा-दोनदा ठरावीक वेळी घ्या. ते वाचलं तेव्हा मला ते पोकळ वाटलं होतं. मातीत बोट घालण्यासारखं काहीतरी हाताला लागल्यावर जमायला लागलं. सकाळी साडेसातला चहा, मग कुंड्या, फोन आत चार्जिंगला. बातम्या एकदाच, जेवणानंतर अर्धा तास. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, मध्येच उठून फोनपाशी जायचे. हळूहळू ओढ कमी झाली. पूर्ण गेली नाही.

आता वस्तूंबद्दल.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाची, साडेसहाशे ग्रॅमची वीट पाण्यात टाकली की बादलीभर फुगते. पहिलं पाणी फेकून द्या, काही विटांमध्ये मीठ असतं. माझं मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. स्नेक प्लांट आणि कोरफडीसाठी कोकोपीट नाही, त्याऐवजी जाड वाळू. नुसत्या कोकोपीटमध्ये मी एकदा पानओवा लावला होता. वरून कोरडं दिसायचं, आत चिखल.

सेल्फ वॉटरिंग कुंड्या, चारचा संच, ऑनलाइन मागवला, वर्षभर वापरला. खाली पाण्याचा कप्पा, त्यातून सुती वात मातीत जाते, वात पाणी वर खेचते. सिंगोनियमसाठी उत्तम, दिवाळीत पाच दिवस घर बंद होतं तरी पान वाकलं नाही. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. लावल्यावर पहिल्यांदा पाणी वरूनच घालायचं, माती भिजल्याशिवाय वात चालत नाही. पावसात बाहेर ठेवायच्या नाहीत, माझ्या संचाला जास्तीचं पाणी जायला भोकच नव्हतं. आणि सात-आठ महिन्यांत वातीवर खताच्या क्षारांचा पांढरा थर बसून ती बंद पडते, बदलावी लागते. माझ्यासारख्या सतत पाणी घालणाऱ्या माणसाला या कुंडीचा खरा उपयोग हा की वरून तांब्या ओतायला निमित्त राहत नाही. तरी ग्रिलसाठी आज मी साधी मातीचीच कुंडी घेईन. तिच्या भिंतीतून ओल उडते, चूक झाली तरी पोटात घेते. वजन जास्त असल्याने वाऱ्यातही बरी.

वाऱ्यावरून सांगते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा आम्ही आदल्या रात्रीच सगळ्या कुंड्या न्हाणीघरात भरल्या होत्या. समोरच्या इमारतीच्या दोन कुंड्या रस्त्यावर पडलेल्या सकाळी पाहिल्या. ग्रिलमध्ये कुंडी नुसती ठेवू नका, तारेने बांधा. ताटल्या आठवड्यातून दोनदा रिकाम्या करून घासा, मनी प्लांटच्या बाटलीतलंही पाणी बदला. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट आणि पीस लिली वर, हात न पोचेल अशा जागी. चावल्यावर तोंडाची आग होते.

पिठ्या ढेकूण, म्हणजे पानाच्या बगलेत कापसासारखे दिसणारे, मला दर हिवाळ्यात भेटतात. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, ऊन उतरल्यावर फवारायचं, आठवड्याने पुन्हा. एका फवारणीत जात नाहीत. मी कान साफ करायच्या काडीने एकेक पुसूनही काढते, अर्धा तास जातो. तो अर्धा तास मला आवडतो.

एप्रिल २०२१ बद्दल लिहायचं की नाही ठरवता येत नव्हतं. दादाला ऑक्सिजनवर ठेवलं होतं, नऊ दिवस. बेड मिळेपर्यंत वहिनीने सोळा ठिकाणी फोन केले. त्याच आठवड्यात मामा गेले, नाशिकला, आम्ही कुणीच जाऊ शकलो नाही. आणि त्याच दिवसांत ग्रुपवर फिरत होतं की घरात अमुक झाडं ठेवा, ऑक्सिजनची पातळी वाढते. माझा संताप संताप झाला. झाडांवर माया असूनही, किंवा आहे म्हणूनच, सांगते: हे खोटं आहे. कुंडीतलं रोप जेवढा ऑक्सिजन सोडतं त्याने खोलीतल्या हवेत जाणवेल असा फरक पडत नाही. हवा शुद्ध करण्याचा दावाही नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून आला, आणि ते प्रयोग बंद पेट्यांमधले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. साध्या इमारतीत आत-बाहेर होणाऱ्या हवेने जेवढी सफाई होते तेवढी झाडांकडून हवी असेल तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं त्यात निघालं. खिडकी उघडा, तेवढं पुरे. या कारणासाठी झाडं आणू नका, आणि आजारी माणसाच्या घरच्यांना असलं काही पाठवू नका.

त्या नऊ दिवसांत माझा ठरवलेला नियम मोडला. फोन उशाशी होता, सायलेंटवर नव्हता. कुंड्यांकडे लक्ष नव्हतं. एक सोडून. फेब्रुवारीत मी स्नेक प्लांटचं पिवळ्या किनारीचं एक पान कापून, चार दिवस सुकवून, वाळूमिश्रित मातीत खोचलं होतं. अडीच महिने ते तसंच्या तसं होतं, ना मेलं, ना वाढलं. रोज पहाटे दवाखान्यातून फोन यायच्या आधी मी त्या पानाशी जाऊन बसायचे. पाणी घालायचं नव्हतं. उकरून बघायचं नव्हतं. करण्यासारखं काही नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी तिथे बसता येत होतं. त्याने भीती गेली असं म्हणणार नाही. फोन वाजला की हात थरथरायचे.

दादा घरी आला. मेच्या शेवटी त्या पानाशेजारून कोंब निघाला. पूर्ण हिरवा, किनारच नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलं. नंतर कळलं की असंच होतं. पिवळी किनार पानाच्या तुकड्यातून पुढे जात नाही. तसंच झाड हवं असेल तर मूळ गड्डाच विभागून लावावा लागतो. विकत घेताना किंवा कुणाला पान देताना हे ध्यानात ठेवा.

आज ग्रिलमध्ये नऊ कुंड्या आहेत. मोगरा पुन्हा लावला, एप्रिल-मेच्या चारनंतरच्या उन्हात हिरवी जाळी बांधून जपला, यंदा सत्तावीस फुलं आली. कढीपत्ता पुन्हा घेतलेला नाही, त्याला माझ्या ग्रिलपेक्षा मोठी जागा हवी.

भाऊबीजेला दादा आला होता. अजून जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतो. जाताना ते बिनकिनारीचं स्नेक प्लांट त्याला दिलं. गाडीत पायाशी धरून बसला आणि विचारलं, "अगं, याला रोज पाणी लागतं का?" मी म्हटलं, "नाही. आता दहा दिवस हातसुद्धा लावू नकोस." रात्री वहिनीने फोटो पाठवला, खारीगावच्या खिडकीत, त्याच्या नेब्युलायझरशेजारी ठेवलं होतं.