पाहुणे बोलवावेत की शिक्षक तयार करावेत?

वेगवेगळे धर्म आणि धर्म न मानणाऱ्यांची जीवनदृष्टी शिकवणाऱ्या शाळेला मदत करायची तर दोन वाटा दिसतात.

पहिली, श्रद्धाळू आणि नास्तिक माणसांना वर्गात बोलावणं. एखादं मूल थेट विचारतं, "तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात?" आणि समोरचा स्वतःच्या आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलू लागतो. सगळा वर्ग कान देऊन ऐकतो. पाठ्यपुस्तकाला हे जमत नाही. पण त्या एकाचं बोलणं मुलं अख्ख्या समाजाचं मत समजून बसतात, हा धोका मोठा आहे.

दुसरी, शिक्षकांचं प्रशिक्षण. वेळखाऊ आणि खर्चिक. युरोप परिषद ही युरोपातल्या देशांची मानवी हक्कांसाठीची संघटना; तिच्या मंत्री समितीनं शिक्षणाबद्दलच्या २००८ च्या शिफारशीत धर्मांसोबत धर्मेतर धारणांचाही विचार केला आणि शिक्षक-प्रशिक्षणावरही भर दिला. "ख्रिस्ती लोक असं मानतात" याऐवजी "काही ख्रिस्ती असं मानतात" म्हणायची सवय शिक्षकाला लागली, की ती प्रत्येक तासाला कामी येते.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी ते शिक्षकांवरच लावेन. पाहुणा तासाभरानं जातो. दुसऱ्या दिवशी "मग आमच्या घरचं चुकीचं का?" असं रडवेल्या आवाजात विचारणाऱ्या मुलासमोर शिक्षकच उभा असतो.