थायरॉईडच्या गाठीचं स्पेशल क्लिनिक: बिल मोठं, पण सुई परत टोचावी लागली नाही

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, दीड कुठे कापला ते खाली आहे.

मानेच्या सोनोग्राफीत १.८ सेंटीमीटरची गाठ निघाली, रिपोर्टवर टायरॅड्स ४ (सोनोग्राफीत गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा १ ते ५ मधला आकडा) आणि शेवटी बारीक अक्षरात एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करा म्हणून लिहिलेलं, बस, घरातल्या सगळ्यांची झोप उडाली. आधी मी स्वस्तातलं बघितलं, एका ठिकाणी सोनोग्राफी न लावता नुसतं हाताने चाचपून सुई टाकली आणि आठ दिवसांनी रिपोर्ट आला बेथेस्डा १ (सुईने काढलेल्या पेशींच्या रिपोर्टचा १ ते ६ मधला आकडा). मला वाटलं एक नंबर म्हणजे सगळ्यात चांगलं! तर म्हणे पेशी पुरेशा आल्याच नाहीत, परत करा. पैसे गेले, मान दुखली, हातात शून्य.

मग या नोड्युल, म्हणजे गाठींच्या, क्लिनिकला गेले. इथे सुई टाकताना सोनोग्राफीचा प्रोब मानेवर धरलेला, स्क्रीनवर सुईचं टोक गाठीत शिरताना दिसतं (मी नाही बघितलं, नवऱ्याने बघितलं आणि तोच खाली बसला), आणि त्याच खोलीत पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोप मांडून बसलेले. दोन स्लाइड बघून म्हणाले अजून एकदा लागेल, तिसऱ्या वेळी पुरे म्हणाले. म्हणजे घरी जातानाच माहिती की यावेळी रिपोर्ट रिकामा येणार नाही. बिल आधीच्या ठिकाणाच्या जवळजवळ दुप्पट झालं हे खरं, पण दुसरी सुईही त्या आधीच्याच ठिकाणी टाकली असती तर दोन्ही मिळून तेवढेच गेले असते, आणि परत फुकट गेली असती तर तिसरी.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की टायरॅड्स ४ आणि दीड सेंटीमीटरच्या वर म्हणून सुई, हीच गाठ टायरॅड्स ३ असती तर अडीच सेंटीमीटर होईपर्यंत नुसतं लक्ष ठेवलं असतं. हे आधी कुणीच बोललं नव्हतं. बहुतेक गाठी साध्या असतात हेही त्यांनी आधी सांगितलं, मग कॅन्सर हा शब्द काढला, तो क्रम मला फार आवडला.

आता तक्रार. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) मी महिन्याभरापूर्वीच केलेलं, नॉर्मल, तरी काउंटरवर टी३, टी४, अँटीबॉडी सगळं पॅकेज लावलं होतं, मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले गरज नाही, काढून टाका. न विचारणाऱ्याचं काय? पॅथॉलॉजीचे पैसे वेगळे लागतात हे सुई टाकून झाल्यावर कळलं. रिपोर्ट तीन दिवसांत म्हणाले, लागले सहा, आणि त्या सहा दिवसांत फोन कुणी उचलेल तर शपथ. त्या दिवसांत माणूस जेवत नाही हो, एक मेसेज टाकायला काय जातं?

रिपोर्ट बेथेस्डा २, म्हणजे साधी गाठ, ऑपरेशन नाही गोळी नाही, वर्षाने परत सोनोग्राफी. ती इथेच करायची का असं विचारलं तर म्हणाले कुठेही करा, फक्त लांबी रुंदी खोली तिन्ही मापं लिहून घ्या आणि जुने फोटो सोबत न्या.