दार बंद होताना अडत होतं, बदलल्या गेल्या स्प्रिंगा

गॅरेजचं दार उघडताना नीट उघडतं, पण बंद होताना मध्येच अडून परत वर जातं, म्हणून तुम्ही माणूस बोलावलात आणि त्याने आल्याआल्या स्प्रिंगकडे बोट दाखवलं, तर त्याला तिथेच थांबवा. आमच्या न्यू जर्सीच्या घरी या स्प्रिंगांपायी १,१४० डॉलर गेले आणि दार दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच अडलं.

भारतात आपल्याला शटर माहीत असतं. इथलं दार म्हणजे चार-पाच आडव्या फळ्या, रुळांवरून सरकत छताखाली जाऊन बसणाऱ्या. दोन गाड्यांचं दार सहज सत्तर-ऐंशी किलोंचं असतं. हे वजन मोटर उचलत नाही, ते तोलून धरतात दाराच्या वर आडव्या दांड्यावर पिळून बसवलेल्या स्प्रिंगा. त्यामुळे स्प्रिंग तुटली की रडगाणं दार उघडताना सुरू होतं: मोटर कण्हते आणि दार वीतभर उचलून थांबतं. उघडताना सुरळीत आणि बंद होताना माघारी, हा प्रकार बहुतेक वेळा खालच्या सेन्सरचा असतो. दार माणसावर, मुलावर मिटू नये म्हणून १९९३ पासून अमेरिकेत घरगुती ओपनरला, म्हणजे दार चालवणाऱ्या मोटरच्या यंत्राला, अशी संरक्षक सोय सक्तीची आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, एकेक छोटी डबी दिसते ना, तीच. एक डबी अदृश्य किरण सोडते, दुसरी तो पकडते. किरण तुटला की दार मागे फिरतं आणि ओपनरचा दिवा लुकलुकतो.

आमचा दिवा लुकलुकत होता. आणि दार अडायचं ते फक्त दुपारी, मुलीला शाळेतून आणून गाडी आत घेतली की. अंधार पडल्यावर काही तक्रार नाही. हे मी फोनवर सांगितलं, माणूस आल्यावर परत सांगितलं.

जाहिरात होती २९ डॉलरच्या व्हिजिटची. फोन नंबर आमच्याच भागातला, पण उचलणाऱ्या बाईला आमच्या गावाच्या नावाचं स्पेलिंग विचारावं लागलं. नकाशावर दिलेल्या पत्त्यावर लाँड्री आहे, हे नंतर कळलं. माणूस आला संध्याकाळी, काळोख झाल्यावर. गाडीवर नाव नाही, शर्टावर नाव नाही, वागणं मात्र अतिशय अदबीचं. नवरा कामासाठी बॉस्टनला गेलेला, घरी मी आणि सासूबाई.

त्याने दार एकदाही लावून पाहिलं नाही. सरळ शिडी लावली, दोन लोखंडी सळ्या काढल्या आणि “जरा स्प्रिंग तपासतो” म्हणत वर चढला. कट् कट् आवाज आले. मग खाली उतरून त्याने दार मोटरने अर्ध्यावर आणलं, मला जवळ बोलावलं आणि ओपनरची लाल दोरी ओढली, जिने दार मोटरपासून सुटं होतं. दार धाडकन खाली आलं. “बघितलंत? खाली मूल असतं तर?”

आता सांगा, आई असलेली कुठली बाई यावर घासाघीस करेल?

सगळा खेळ त्या एका क्षणाचा असतो. भाव नंतर येतो. स्प्रिंगांचं आयुष्य साधारण दहा हजार फेऱ्यांचं धरतात, ही गोष्ट खरी आहे, आणि तो तीच सांगत होता. खऱ्या माहितीत खोटा पुरावा कालवायचा. बिल असं: स्प्रिंगांची जोडी ६८०, रोलर आणि बेअरिंग ३१०, मजुरी १५०. व्हिजिटचे २९ डॉलर मोठ्या मनाने माफ! वर “आजीवन वॉरंटी”, जी फक्त सुट्या भागांवर होती. बसवण्याची मजुरी दरवेळी नव्याने. काढलेल्या जुन्या स्प्रिंगा तो गाडीत घालून घेऊन गेला.

“अगं, पण हा दार लावून बघतच नाहीये,” असं सासूबाई तो असतानाच मला मराठीत म्हणाल्या होत्या. हे त्यांनी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं आहे.

रात्री दार झकास चाललं, चालणारच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असताना तेच: थोडं खाली, परत वर, दिवा लुकलुक. फोन केला तर उत्तर मिळालं, “सेन्सरचं खातं वेगळं, ओपनरच जुना झालाय, नवा ९०० मध्ये बसवून देतो.” मी नाही म्हटल्यावर माझा नंबर तिकडे उचलला जाईना.

मग गावातल्या जुन्या दुकानातले एक वयस्कर गृहस्थ आले, तेही मी दुपारीच या म्हटल्यावर. त्यांनी आधी रिमोटने दार लावून पाहिलं. नंतर भिंतीवरचं बटण दार पूर्ण मिटेपर्यंत दाबून धरलं, तसं दार गुमान बंद झालं. बटण दाबून धरलं की ओपनर सेन्सरचं ऐकत नाही, म्हणजे दोष कुठे ते तिथेच ठरलं. आमचं दार पश्चिमेला. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला खाली उतरतो आणि उत्तरेकडच्या डबीच्या थेट डोळ्यात जातो, आणि किरण पकडणारी डबी नेमकी तीच. तिचा हिरवा दिवा विझलेला होता. त्यांनी तळहाताची सावली धरली, दिवा लागला. दोन डब्यांची अदलाबदल केली, ८५ डॉलर घेतले. पुठ्ठ्याची नळी लावून सावली केली असती तरी भागलं असतं, असंही म्हणाले.

गॅरेजमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी त्यांना दाखवलं. आमच्यासारख्या दारात सळी वर ढकलली की स्प्रिंग आवळते, खाली घेतली की सैल होते. तपासण्याच्या नावाखाली पहिल्या माणसाने सळ्या खालीच घेतल्या होत्या. तोल खरोखर बघायचा तर आधी दार पूर्ण बंद करतात, मग लाल दोरी ओढून हाताने अर्ध्यावर उचलतात. स्प्रिंगा ठीक असतील तर ते साधारण तिथेच राहतं. दार उघडं असताना दोरी ओढायची नसतेच. आणि स्प्रिंगला घरच्या कुणी हात लावू नये. तो पीळ सुटला तर हाड मोडतो.

कागदांचं सांगते, कारण पैसे तिथूनच थोडे हलले. न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याची नोंदणी लागते, क्रमांक १३व्हीएच ने सुरू होतो. काम ५०० डॉलरच्या वर असेल तर लेखी करार लागतो, आणि त्याची प्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. आमच्या बिलावर क्रमांक नव्हता, रद्द करण्याबद्दल ओळ नव्हती. होतं ते एक वाक्य, “स्प्रिंगा ग्राहकाच्या विनंतीवरून बदलल्या”, आणि त्याखाली माझी सही.

पहिला माणूस झेलने (Zelle, थेट बँकेतून पैसे पाठवण्याची सोय) पैसे मागत होता, मी क्रेडिट कार्ड पुढे केलं. कार्डावरच्या बिलाबद्दलची लेखी हरकत पहिलं स्टेटमेंट पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीकडे पोचावी लागते. चित्रण, दुसऱ्या दुकानाची पावती आणि नोंदणी क्रमांक नसलेलं बिल, तिन्ही जोडलं. समोरून अर्थातच माझी सही दाखवण्यात आली. शेवटी रोलर-बेअरिंगचे ३१० आणि मजुरीचे १५० परत मिळाले, स्प्रिंगांचे नाही. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे, तिचा निकाल अजून यायचाय.