पत्र्याच्या शेडला पाया कोणता? खड्डे, कोबा की जोते

परसात १० बाय १२ फुटांची शेड उभारायची, पाइपचा सांगाडा आणि वर पत्रा, तर तिचे एकूण वजन दोन-तीनशे किलोच्या आसपास. एवढ्याने जमीन खचत नाही. भीती असते ती शेड उडण्याची. भारतीय मानकात मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, पुण्यासाठी ३९. ४४ मीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे ११८ किलो दाब देतो. १२० चौरस फुटांच्या छपराला तो सगळा वर उचलणारा धरला, तर तेराशे किलो होतात. म्हणून सपाट जमिनीवर सिमेंटचे ब्लॉक मांडून त्यांवर सांगाडा टेकवणे हा पर्याय आम्ही धरतच नाही.

मुरमाड जमिनीत आमचे मत खड्ड्यांना. सहा खांबांसाठी सहा खड्डे, दीड फूट चौरस आणि अडीच फूट खोल. १:२:४ चे, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी असे ३४ घनफूट काँक्रीट लागते: सिमेंटच्या सहा ते सात गोण्या, १५ घनफूट वाळू, ३० घनफूट खडी. त्याचे वजनच तेवीसशे किलोच्या घरात जाते, वाऱ्याला पुरून उरते. आखणी करताना दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १५ फूट साडेसात इंच आले की चौकोन गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. एक इंचाचाही फरक राहिला, तर तो थेट छपराच्या पत्र्यांवर दिसतो.

खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. पाइप जमिनीलगत गंजतो, नेमका जिथे माती आणि पाणी साचते तिथे, आणि वरून ठणठणीत दिसणारा खांब बुडाशी पोखरलेला असतो. काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच काढा, माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या, त्यात १२ मिलिमीटरचे, एक फूट लांबीचे वाकवलेले बोल्ट सोडा आणि खांब प्लेटवर बसवा. उणीव एकच, जमीन मातीचीच राहते. खताची पोती किंवा धान्य ठेवायचे असेल तर हे चालणार नाही.

तिथे कोबा हवा, म्हणजे काँक्रीटची सलग जमीन. वरची माती काढून सहा इंच दगडाचे सोलिंग (रचून ठोकलेल्या दगडांचा थर), त्यावर मुरूम, पाणी मारून धुमसाने ठोकलेला. मग जाड प्लॅस्टिकचा कागद, नाहीतर खालची ओल वर चढते. त्यावर चार इंच काँक्रीट. खांबाखाली मात्र जाडी एक फूट करा, कारण चार इंचांच्या कडेला बोल्ट मारला की कडच फुटते. नऊ-दहा गोण्या सिमेंट जाते. गोणीला २५ ते २८ लिटर पाणी, जास्त नाही. माल पसरायला सोपा व्हावा म्हणून पाणी वाढवतात आणि वर्षभरात पृष्ठभागाची भुकटी सुटते. पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर निदान दहा दिवस गोणपाट ओले ठेवा.

काळ्या मातीत मात्र हा कोबा थेट टाकू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कडा वर येतात, मधोमध तडा जातो, दरवाजा घासू लागतो. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर खड्डे तिथपर्यंत न्या. तो खर्च वाचवायला जाऊ नका. मुरूम त्याहून खोल असेल तर निदान दोन-तीन फूट माती काढून मुरूम भरा. भरताना सहा-सहा इंचांचे थर ठोका. एकदम भरून वरून ठोकलेला मुरूम पहिल्याच पावसात बसतो. अगदी खोल काळी माती असेल तर त्यानेही हालचाल पूर्ण थांबत नाही, तिथे कोब्याऐवजी खांबांना खड्डे आणि जमिनीला सुटे पेव्हर (फरसबंदीचे काँक्रीटचे ठोकळे) बरे.

कोकणात आणि गोव्यात निर्णय पाण्यावर ठरतो. अंगणातून पाणी वाहत असेल तर जांभ्याच्या चिऱ्यांचे दीड फूट उंच जोते आणि आत मुरमाची भर हाच योग्य पर्याय, मजुरी सर्वांत जास्त लागली तरी. पत्र्याची पागोळी जोत्याबाहेर निदान एक फूट पडेल असे छप्पर काढा. ती जोत्याच्या कडेवर पडत राहिली तर सांधे धुऊन निघतात आणि आतली भर हळूहळू वाहून जाते.