सेकंडहँड डाइव्ह कॉम्प्युटर घेताय? आधी खोली जुळवून बघा

धडधडीत खोटं बोलणारा लगेच कळतो. मी सेकंडहँड डाइव्ह कॉम्प्युटर घेतला, म्हणजे स्कूबा डाइव्हला खोली आणि उरलेला वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र. त्याचा विक्रेता अर्धवट खरं बोलायचा, म्हणून त्याचं खपून गेलं.

जाहिरात अशी: फारसा वापर नाही, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) चालतं, बॅटरी नुकतीच बदललेली. फोटोत स्क्रीन चालू, काचेवर ओरखडा नाही. डाइव्ह हिस्ट्री दाखवा म्हटलं, तर म्हणे, "तुमच्यासाठी रीसेट करून दिलाय, कोरा करकरीत!"

तरी घेतला. पाण्यात बडीचा, म्हणजे जोडीदार डायव्हरचा, कॉम्प्युटर 22 मीटर दाखवत होता, माझा 18. मनगटं शेजारी शेजारी धरली तरी तेच. डाइव्ह तिथेच आवरली. चार मीटरनं काय होतं? पॅडी या डायव्हिंग संस्थेच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला 18 मीटरवर 56 मिनिटं मिळतात, 22 वर 37. म्हणजे हे यंत्र मला डेकोत, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतात तिथे, ढकलत होतं आणि वर 'अजून वेळ आहे' म्हणत होतं.

जाब विचारला, तर उत्तर तयार. "अहो, प्रत्येकाचा अल्गोरिदम वेगळा, आकडे कसे जुळतील?" अल्गोरिदम वेगळे असतात हे खरंच. कुणी ब्यूलमान नावाचं गणित वापरतं, कुणी आरजीबीएम, त्यामुळे नो-डेको टाइम, म्हणजे थांबे न घेता वर येता येईल तो वेळ, कमीजास्त येतोच. पण खोली अल्गोरिदम ठरवत नाही, ती प्रेशर सेन्सरकडून येते. मग दुसरी पुडी: "सेटिंग गोड्या पाण्याचं राहिलं असेल." समुद्राचं पाणी जड असतं ते जेमतेम 3 टक्क्यांनी. 22 मीटरवर फरक पाऊण मीटरही भरत नाही. शिवाय त्या सेटिंगवर समुद्रात खोली जास्त दिसायला हवी, कमी नव्हे! एवढं लिहून पाठवलं आणि साहेबांनी मला ब्लॉक केलं.

सेन्सरची बारीक भोकं मीठ आणि वाळलेल्या ग्रीसनं बुजली होती. बॅटरीचं झाकण काढलं तर पाणी रोखणारी ओ-रिंग चपटी, आत हिरवा गंज चढलेली पट्टी. 'नुकतीच बदललेली' म्हणे! सेन्सरच गेलाय, दुरुस्तीपेक्षा नवा घ्या, असं सर्व्हिसवाल्यानं सांगितलं.

नायट्रॉक्स आहे का, एअर इंटिग्रेशन (सिलिंडरमधली हवा स्क्रीनवर दिसणं) आहे का, हे सगळे विचारतात. त्याआधी सीरियल नंबर आणि हिस्ट्रीचा स्क्रीन एकाच सलग व्हिडिओत मागा. आधीच 'रीसेट केलाय' असं ऐकू आलं तर पुढे जाऊच नका. शक्य असेल तर पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या, खर्च मी करतो म्हणा. ज्याचा माल चोख आहे तो नाही म्हणणार नाही.