फोर्व्हो : उच्चार ऐकायचाय? इथं बघा

उच्चार अडला की आपण डिक्शनरीतला स्पीकर दाबतो, पण तिथे एकच ठरलेला आवाज, म्हणून मला फोर्व्हो ही उच्चार ऐकवणारी वेबसाइट जास्त आवडते. २००८ पासून चालू आहे, ती ती भाषा बोलणारी माणसंच शब्द रेकॉर्ड करून टाकतात, बोलणारा कुठल्या देशाचा तेही दिसतं.

उसन्या शब्दांसाठी तर भारीच, म्हणजे कराओके इंग्रजीत ऐका, कॅरिओकी असं काहीतरी येतं, मग जपानीत ऐका, का-रा-ओ-के, प्रत्येक अक्षर सुटं नि सारख्याच लांबीचं, आपल्या तोंडाला उलट हेच सोपं! बुके आणि डेपो फ्रेंच माणसाकडून ऐकले की स्पेलिंगमधला शेवटचा टी आपोआप विसरायला होतो. आता बरोबर कुठलं हे साइट ठरवत नाही, आणि ठरवूही नये खरंतर, ज्या भाषेत बोलताय तिथला उच्चार घ्यायचा, उगाच चारचौघांत फ्रेंच घसा काढला तर लोक हसणारच ना.

रेकॉर्डिंग हौशी लोकांचं, त्यामुळे दोन-तीन आवाज ऐकून घ्या. अख्ख्या वाक्यात शब्द कसा येतो ते बघायचं असेल तर मात्र यूग्लिश उघडा, तिथे यूट्यूबच्या व्हिडिओत तो शब्द बोललाय ती नेमकी जागाच लागते.