वरच्या मजल्यावरचा ओपन माईक: 34 स्पॉट, 6,800 रुपये, तीन मिनिटं चाळीस सेकंद

आधी माझी ओळख, म्हणजे पुढच्या तक्रारी कुणाच्या ते कळेल. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय 47, गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते, आधी सात, आता सहा. देखभालीची बिलं, थकबाकीच्या नोटिसा, सप्टेंबरात वार्षिक सभा. फेब्रुवारीपासून आठवड्याला एकदा, जमलं तर दोनदा, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, आणि मग अंधेरी पश्चिमेच्या एका कॅफेचा अरुंद जिना. वरच्या मजल्यावर माईक घेऊन पाच मिनिटं अनोळखी लोकांना हसवायचं. 34 वेळा झालं. जागेचं नाव देत नाही, कारण खाली कुरकूर बरीच आहे आणि मला अजून तिथे जायचंय.

एका स्पॉटचे, म्हणजे माईकवरच्या पाच मिनिटांचे, 200 रुपये. ते कलाकाराने द्यायचे. प्रेक्षकाचे 150, त्यात कपभर कॉफी. मंगळवारी दुपारी बारा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म पडतो, जागा सोळा, बारा वाजून चार मिनिटांनी खेळ खलास. टँकरवाल्याशी हुज्जत घालता घालता एका हाताने मी तो फॉर्म भरलेला आहे.

खोलीबद्दल आधी चांगलं सांगते. छत खाली, खोली लहान. चाळीस खुर्च्या सहज मावतील, पण चालवणारा मुलगा मोजून तीसच मांडतो आणि बाकीच्या जिन्यात रचून ठेवतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, केवढा हा आळस. तिसऱ्या-चौथ्या खेपेला उलगडा झाला. मोकळी खुर्ची हशा गिळते. गुडघ्याला गुडघा लागलेला असला की एकाचं हसू शेजारच्याला लागतं, लोकलमध्ये जांभई लागते तसं. उशिरा आलेल्याला तो मागे रेंगाळू देत नाही, सरळ पुढच्या रांगेत नेऊन बसवतो. दिवा फक्त स्टेजवर, लोक अंधारात, कारण उजेडात माणूस हसायच्या आधी शेजारी बघतो. एसी इतका गार की मी आता पर्समध्ये शाल ठेवते. उकडत असलेला माणूस हसत नाही म्हणे. वयाने माझ्या भाच्याएवढा आहे हा मुलगा, पण ही अक्कल त्याला कुणी शिकवली असेल त्याला माझा नमस्कार.

चार मिनिटं झाली की मागून मोबाईलचा टॉर्च दिसतो. पाच झाली की गाणं वाजतं आणि तुमचं वाक्य अर्धं असलं तरी तुम्ही उतरता. मार्चमध्ये एक वेब सिरीजमधला ओळखीचा चेहरा आला होता. त्यालाही चौथ्या मिनिटाला टॉर्च, पाचव्याला गाणं. आमच्या एका सभेत लिफ्टच्या रंगावर चाळीस मिनिटं बोलणारे गृहस्थ आहेत, मला त्या रात्री त्यांची फार आठवण आली.

प्रेक्षकांबद्दल मात्र सावध करते. तीस खुर्च्यांवरचे बारा-पंधरा जण आपला नंबर यायची वाट बघणारे कॉमिक असतात. ते हसत नाहीत. विनोद आवडला तर मान डोलावतात, फार आवडला तर ‘फनी आहे’ असं गंभीरपणे म्हणतात, आणि पुन्हा वहीत डोकं घालतात. म्हणून मी माझ्या वहीत तीन खुणा ठेवल्यात. ‘ह’ म्हणजे हशा, ‘मा’ म्हणजे मान, शून्य म्हणजे शून्य. घरी येऊन मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच आहे. पहिल्या पाच मिनिटांत मी 23 वेळा ‘म्हणजे’ म्हटलं होतं.

आता एकाच विनोदाचं सांगते, कारण त्याच्यापायी निदान वीस स्पॉट गेले. मूळ गोष्ट खरी आहे. सोसायटीच्या सभेला गणपूर्ती, म्हणजे लागते तेवढी हजेरी, झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब करतात. अर्ध्या तासाने तीच सभा, तिथेच, आहेत तेवढ्याच लोकांत घेता येते. मला वर्षानुवर्षं याचं हसू यायचं. मी स्टेजवर गेले आणि सुरुवात केली ती ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960’ पासून. मग चौदा दिवसांची नोटीस, मग अध्यक्षांचं वर्णन, मग सभासदसंख्या. पहिला ‘मा’ यायला 48 सेकंद लागले. हशा नाहीच.

दुसऱ्या आठवड्यात कायदा काढला. हिशेब लिहिणाऱ्या बाईला संदर्भ गाळायचा म्हणजे काय वाटतं ते तुम्हाला नाही कळणार. नोटीस काढली, अध्यक्ष काढले. तरी खोली थंडच. रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की मी ‘गणपूर्ती’ म्हटलं की अर्ध्या खोलीला गणपती ऐकू येतो, आणि पुढची दहा सेकंदं ते मूर्तीची वाट बघत बसतात. ‘कोरम’ केलं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मराठी कलाकारांची लाईनअप असते, तेव्हा ‘गणपूर्ती’ वापरते. शब्द जास्त मजेदार आहे.

मग वाक्य असं झालं: ‘साडेदहाला आम्ही अकरा जण बेकायदा असतो आणि अकरा वाजता तेच अकरा जण कायदेशीर होतात.’ एक ‘ह’ आला, पण चिरका. लोक ‘कायदेशीर’ला हसायला तोंड उघडायचे आणि तेवढ्यात माझं ‘होतात’ मध्ये यायचं. मराठीत क्रियापद शेवटी. गमतीचा शब्द त्याच्या आधी संपलेला असतो आणि आपण मात्र व्याकरण पुरं करत उभे! लाईनअपमधल्या एका मुलीने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, ‘ताई, होतात कापा ना.’ कापलं. ‘साडेदहाला आम्ही अकरा जण. बेकायदा. अकराला तेच अकरा.’ इथे थांबायचं, मनात एक अंक मोजायचा. ‘कायदेशीर.’ वहीत त्या तारखेला ‘ह’भोवती गोल आहे.

आणि कबुली देते, त्या सभेला माणसं नऊ होती आणि वेळ दहाची होती. नऊ चाललं नाही, तेरा चाललं नाही. अकराला अकरा जुळतं म्हणून अकरा. पंचवीस वर्षांत मी कुणाच्या ताळेबंदात आकडा फिरवला नाही, तो अंधेरीत फिरवला.

त्याला टॅग हवा होता, म्हणजे हशा विरायच्या आत मारायची दुसरी टपली. चार आठवडे शोधला. एका रात्री न ठरवता तोंडातून गेलं: ‘माझं लग्नही असंच. कोरम नव्हता. अर्धा तास थांबले. जो होता, तोच चालला.’ इथे क्रियापदच पंच, म्हणजे हसवणारा शब्द, आहे, त्यामुळे भाषेशी भांडण नाही. एकोणिसाव्या स्पॉटला नवरा ऐकायला आला. सगळ्यांबरोबर हसला. घाटकोपर स्टेशनवर मुलुंडच्या गाडीची वाट बघताना मात्र म्हणाला, ‘अर्धा तास कुठला? कांदेपोह्यांना मी वीसच मिनिटं उशिरा आलो होतो.’ पुढच्या आठवड्यापासून तेही सेटमध्ये, म्हणजे माझ्या पाच मिनिटांत, आहे. त्याला मानधन मिळत नाही, मलाही नाही.

सेटच्या शेवटी सगळ्या सोसायट्यांच्या नोटिशीवरचं शेवटचं कलम येतं, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’, आणि त्यात नवरा पुन्हा. याला ही मुलं कॉलबॅक म्हणतात आणि फार नवलाने शिकवतात. लहानपणी आजोबा मला देवळात कीर्तनाला न्यायचे. बुवा पूर्वरंगात एक अभंग धरायचे, उत्तररंगात आख्यान सांगता सांगता आपण तो विसरलोय असं बघायचे आणि नेमका तिथे आणून सोडायचे. आजोबा मांडीवर थाप मारायचे. एवढंच ते. अध्यक्षांचा आवाज काढायचाही प्रयत्न केला मी, तो आठ स्पॉट खाऊन मेला. प्रा. लक्ष्मण देशपांडे एकट्याने 52 पात्रं उभी करायचे. मला एक अध्यक्ष जमेना.

आता कुरकूर. होस्ट दर वेळी ‘अब आ रही हैं हमारी प्यारी काकू’ असं ओरडून बोलावतो. टाळ्या पडतात, पण लोक काकूचे विनोद ऐकायला सरसावतात. पहिले वीस सेकंद मला ते पुसण्यात घालवावे लागतात, आणि पाच मिनिटांतले वीस सेकंद म्हणजे किती ते हिशेब न लिहिणाऱ्यालाही कळेल. दोनदा सांगितलं. आता ‘हमारी प्यारी ताई’ म्हणतो.

खालच्या कॅफेचा मिक्सर. जमिनीतून ऐकू येतो. ‘तेच अकरा’ म्हणून मी थांबते, आणि त्या शांततेत कुणाची तरी कोल्ड कॉफी सुरू होते. वर कार्यक्रम चालू असताना पंधरा मिनिटांनी एकदाच मिक्सर लावायचा, एवढं खाली सांगता येणार नाही का? बाथरूमची कडी एप्रिलपासून तुटलेली आहे. बायकांपैकी एकीने आत जायचं, दुसरीने दार धरायचं. माझ्या बऱ्याच ओळखी अशाच झाल्या.

रेकॉर्डिंगचे वेगळे 300 रुपये. तीनदा घेतलं. त्यातला वीस सेकंदांचा एक तुकडा त्यांनी मला न विचारता इन्स्टाग्रामवर टाकला. माझ्या तेव्हाच्या सातही सोसायट्यांच्या अध्यक्षांनी तो पाहिला. सहा जणांनी फोन करून कौतुक केलं. सातवे रागावले आणि काम काढून घेतलं. नेमकं त्यांच्यावर त्यात एक अक्षर नव्हतं. जॉनी लिव्हर हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करायचे, तिथूनच त्यांना हे नाव पडलं म्हणतात. माझं तसं काही व्हायची लक्षणं नाहीत, निदान विचारून तरी टाकायचं होतं. खोली चालवणाऱ्या मुलाने माफी मागितली, व्हिडिओ काढला, पण गेलेले महिन्याचे 3,000 काही व्हिडिओबरोबर परत आले नाहीत.

पैशांचं एकदा बोलूनच टाकते. खर्च: स्पॉटचे 6,800, रेकॉर्डिंगचे 900. जमा: मुलुंडच्या एका महिला मंडळाने हळदीकुंकवाला बोलावून दिलेले 500. प्रवास धरलेला नाही. 1979 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअरमध्ये फुकट काम करून कंटाळलेल्या कलाकारांनी संप केला होता, आणि सेटमागे 25 डॉलर पदरात पाडून घेतले. त्याच नावाच्या लंडनच्या क्लबाची शाखा 2010 मध्ये आपल्याकडे लोअर परळला उघडली, तीही फिनिक्स मिलच्या जागेवर. पण संपाचं नाव आमच्या ग्रुपवर कुणी काढत नाही, कारण सोळाच्या सोळा जण बारा वाजता फॉर्मवर तुटून पडलेले असतात, आणि त्यात मी पहिली.

जुलैतल्या एका संध्याकाळी पावसाने गाड्या रखडल्या होत्या. मी पोचले तेव्हा कॉमिक सहा, प्रेक्षक पाच. मुलगा म्हणाला, रद्द करू या, पैसे परत देतो. मी जिन्यात छत्री झटकत म्हटलं, ‘अर्धा तास तहकूब कर. मग हेच अकरा. कायदेशीर.’ कॉमिक लोकसुद्धा हसले, मान न डोलावता. कार्यक्रम झाला. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य मी भरलेल्या खोलीत, व्यवस्थित पाठ करून म्हटलं. शून्य. वहीत आहे.

तर ज्यांना फक्त बघायला जायचंय त्यांनी महिन्याचा शेवटचा गुरुवार धरावा. बाकीच्या दिवशी सोळात मराठी दोन-तीनच असतात, उरलेली हिंदी. पहिली रांग टाळू नका, तिथे गप्पा मारून छळणारे होस्ट आहेत पण हशा तिथेच उगवतो. सोळांपैकी दहा जण फसणार हे मानून जा, कॉफी बरी असते. ज्यांना माईक धरायचाय त्यांनी मोबाईलवर स्वतः रेकॉर्ड करावं, 300 रुपये देऊ नयेत, शाल न्यावी, आणि घाटकोपरला जाणारी शेवटची मेट्रो चुकवू नये. पहिल्या स्पॉटला घरचं कुणी नेऊ नका. मावसबहिणीला नेलं होतं, ती माझ्या प्रत्येक सेटअपला, म्हणजे पंचच्या आधीच्या तयारीला, हसली आणि पंचला घड्याळ बघत होती.

माझ्याकडे आता तीन मिनिटं चाळीस सेकंद पक्की झालीत. पाचाला एक मिनिट वीस कमी आहे, आणि सप्टेंबरच्या सभा संपत आल्यात, म्हणजे माल भरपूर. फॉर्म मंगळवारी बारा वाजता उघडतो. हे वाचून तुम्हालाही भरावासा वाटला तर जरूर भरा, फक्त बारा वाजून पाच मिनिटांनी.